एका रविवारचा स्वयंपाक, आठवड्याची बेगमी

आपल्या न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे कार्यवाहांनी सांगितले तेव्हा मी प्रथम नकारच दिला. संस्थेचा इतिहास जाणणारी मंडळी पुष्कळ आहेत. माझे आयुष्य शाळेत विज्ञान शिकविण्यात आणि घरी स्वयंपाकघर सांभाळण्यात गेले. परंतु गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सात-आठ भगिनींनी मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला होता, त्याची आठवण झाली. प्रश्न असा : सुटीच्या दिवशी एकदम स्वयंपाक करून तो गोठवून ठेवावा काय? ठेवला तर खावा काय? आणि ठेवावयाचाच तर कसा? त्या दिवशी तिळगूळ घेता-देता नीट उत्तर देता आले नाही. ते येथे देत आहे.

हा प्रश्न आजच का उभा राहिला, हे प्रथम पाहू. १८१८ साली इंदूर होळकरांची राजधानी झाली, आणि त्या काळापासून मराठी कुटुंबे या गावात वाढत गेली. आपल्यापैकी अनेकांच्या आजी-पणजी मोठ्या वाड्यांत नांदल्या. तेथे पंचवीस पाने उठत, पण कणीक तिंबणारी एक, भाजी चिरणारी दुसरी आणि वाढणारी तिसरी असे. आज घरात चार-पाच माणसे; मुलगा-सून दोघेही नोकरीवर; संध्याकाळी साडेसातला घरी पोहोचावयाचे, तोवर मुले भुकेली आणि थोरली माणसे औषधाच्या वेळेमुळे खोळंबलेली. अशा वेळी कोपऱ्यावरची कचोरी येते, नाहीतर मोबाइलवरून जेवण मागविले जाते. इंदूरच्या माणसाने सराफ्यात जाऊन हौसेने खाणे निराळे आणि आठवड्यातून चार दिवस नाइलाजाने बाहेरचे खाणे निराळे. घरात मधुमेहाचा किंवा रक्तदाबाचा रोगी असेल तर हा नाइलाज महागात पडतो.

यावर उपाय म्हणून गोठवून ठेवण्याची गोष्ट काढली की पहिला आक्षेप ठरलेला : “म्हणजे आठ दिवसांचे शिळे खायचे?” आमच्या सासूबाई आज अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांचेही म्हणणे हेच होते. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. फ्रीज नव्हते त्या काळी उष्ण देशात रात्रीचे अन्न सकाळी टाळणे, हा आरोग्याचाच नियम होता.

पण शिळे म्हणजे काय, ते पाहिले पाहिजे. अन्न केवळ घड्याळाचे काटे फिरल्याने शिळे होत नाही. अन्नात ओलावा असतो, हवेत ऊब असते, आणि या दोहोंच्या आधाराने डोळ्यांना न दिसणारे जंतू वाढतात. साधारणपणे ५ अंश ते ६० अंश सेल्सिअस हा त्यांच्या वाढीचा टापू होय. आपले स्वयंपाकघर बाराही महिने याच टापूत असते. ओलावा किंवा ऊब यांपैकी एक काढून घ्या, जंतूंची वाढ खुंटते.

आपल्या आज्या हेच करीत होत्या. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया, सांडगे, पापड वाळत घालणे म्हणजे ओलावा काढून टाकणे. लोणच्यात मीठ आणि वर तेल घालणे म्हणजे जंतूंना पाणी व हवा मिळू न देणे. प्रवासाच्या शिदोरीला पाण्याऐवजी दुधात भिजविलेल्या दशम्या करीत, त्याही अधिक टिकाव्यात म्हणूनच. या सर्वांना आपण ‘बेगमी’ म्हणत होतो. शिळे म्हणत नव्हतो. फ्रीझर दोन्ही गोष्टी एकदम करतो. तो ऊब काढून घेतो, आणि अन्नातील पाण्याचा बर्फ करून ते जंतूंच्या उपयोगाचे राहू देत नाही. म्हणून गोठविलेले अन्न ही बेगमीच होय. रीत नवी, एवढेच.

ही रीत मूळची अतिथंड प्रदेशातली. क्लॅरेन्स बर्ड्‌सआय हा अमेरिकन गृहस्थ १९१२ नंतरची काही वर्षे कॅनडाच्या किनाऱ्यावरील लॅब्राडोर प्रदेशात होता. तेथील लोकांनी पकडलेला मासा कडाक्याच्या वाऱ्यात झटकन गोठतो आणि काही महिन्यांनी शिजविला तरी ताज्यासारखा लागतो, हे त्याने पाहिले. पाणी सावकाश गोठले तर बर्फाचे स्फटिक मोठे होतात, ते पदार्थातील पेशी फोडतात आणि पदार्थ लिबलिबीत होतो. झटपट गोठले तर स्फटिक बारीक राहतात. हे तत्त्व धरून त्याने यंत्रे बसविली, आणि १९३० साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड या गावी त्याच्या पद्धतीने गोठविलेले पदार्थ दुकानांत विक्रीस आले. घरी आपणही हेच ध्यानात ठेवावयाचे, की वाटा लहान व चपटा करावा, म्हणजे तो लवकर गोठतो.

आता मुख्य मुद्दा. फ्रीझर जंतूंना मारीत नाही. त्यांना केवळ थोपवून धरतो. अन्न ज्या अवस्थेत आत गेले, त्याच अवस्थेत ते बाहेर येते. दुपारभर ओट्यावर राहिलेली उसळ संध्याकाळी गोठविली, तर पंधरा दिवसांनी बाहेर येते ती दुपारभर ओट्यावर राहिलेली उसळच. म्हणून खरी काळजी फ्रीझरमध्ये गेल्यानंतरची नव्हे. आत जाण्यापूर्वीच्या दोन तासांची आणि बाहेर आल्यानंतरच्या वेळेची आहे.

हे मी स्वतः चूक करून शिकले. पहिल्याच खेपेला पाच लिटरचे पातेले भरून छोले केले आणि ‘फ्रीझर आहेच’ म्हणून ते तसेच कोमट पातेले आत ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी पाहते तो कडेला बर्फ आणि मधोमध आंबूस वास. एवढ्या मोठ्या गोळ्याच्या पोटातली ऊब रात्रभर निघाली नव्हती. शिवाय त्या उबेने शेजारचा मटारही विरघळला. विज्ञान शिकविणाऱ्या बाईच्या हातून हे घडावे याची लाज वाटली, आणि सगळे छोले टाकून द्यावे लागले.

तेव्हापासून आमच्या घरी नियम असा आहे. पदार्थ शिजला की तो ताबडतोब पसरट थाळ्यांत किंवा लहान डब्यांत वाटून घ्यावयाचा. परातीत गार पाणी, जमल्यास बर्फाचे खडे घालून त्यात ते भांडे ठेवावयाचे व मधूनमधून ढवळावयाचे. वर पंखा सोडला तरी चालतो. वाफ गेली की फ्रीजमध्ये आणि गार झाल्यावर फ्रीझरमध्ये. गॅसवरून उतरल्यापासून फ्रीजमध्ये जाईपर्यंत दोन तासांहून अधिक वेळ जाऊ नये; वैशाखात पारा चाळिशीपार गेलेला असेल तेव्हा एका तासातच हे उरकावे.

भाताविषयी विशेष सावध राहावे. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात, आणि ते शिजविण्यानेही मरत नाहीत. भात तासन्‌तास उबेत राहिला की त्यांतून जंतू वाढतात आणि विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून “फोडणी दिली की झाले” हा समज सोडून द्यावा. भात लगेच गार करून ठेवता येतो. पण तो कुकरमध्ये वीस मिनिटांत ताजा होतो, मग गोठवावा कशाला, असे माझे मत.

आता रविवारचा क्रम सांगते. चार-पाच माणसांच्या घरासाठी तीन तास पुरतात. आदल्या रात्री एक किलो काबुली हरभरे किंवा राजमा भिजत घालावा. शिजल्यावर तो दोन ते अडीच किलो भरतो. सकाळी प्रथम कुकर चढवावा. तो होईपर्यंत एक किलो कांदा, दीड किलो टोमॅटो व प्रत्येकी शंभर ग्रॅम आले आणि लसूण यांचे वाटण परतून घ्यावे. ते आटून साधारण सहा वाटे होतात. एक वाटा म्हणजे एका वेळची भाजी. दुसऱ्या कुकरमध्ये तुरीचे वरण घट्ट शिजवावे व चार वाटे करावेत. मोड आलेली मटकी थोडी वाफवून घ्यावी. एवढे झाले की सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी ओट्याशी अर्धा तास पुरतो. वाटण विरघळवावे, त्यात छोले घालून उकळी आणावी, पोळ्या ताज्या कराव्यात. एक दिवस आमटी, एक दिवस उसळ, एक दिवस राजमा, असा पालट राहतो.

यात एक गोम आहे. पदार्थ शेवटपर्यंत पुरा करून ठेवू नये. मीठ थोडे कमी घालावे. मिरी, लवंग आणि लसूण यांचा स्वाद गोठवणीत उग्र, कधी कडवट होतो, म्हणून तेही बेताचे. फोडणी, कोथिंबीर, लिंबू आणि गोडा मसाला त्या-त्या दिवशीच घालावा. जिरे-मोहरी तडतडल्याचा वास घरभर दरवळला की ताटातले वरण रविवारचे आहे, हे कोणास सांगावे लागत नाही.

काय गोठवावे आणि काय नाही, हेही समजून घ्यावे. छोले, राजमा, उसळी, घट्ट वरण, वाटणे, इडल्या, भरलेले पराठे, पुरण आणि खवलेला नारळ हे उत्तम राहतात. इंदुरात नारळ दुरून येतो. चार नारळ एकदम खवून लहान पुड्या करून ठेवल्या तर महिनाभर खटपट नाही. पुरण होळीच्या आधी आठ दिवस करून ठेवता येते, मात्र ते घट्ट आटविलेले हवे. याउलट बटाट्याच्या फोडी रवाळ होतात, काकडी व कोशिंबिरी पाणी सोडतात, कढी फाटते, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग रबरासारखा होतो. म्हणून रस्सा गोठवावा आणि बटाटा त्या दिवशी घालावा.

ऋतूतील जिन्नसांचे तर हे वरदानच आहे. पौषात चोइथराम मंडीत मटार, ज्याला आपण येथे बटला म्हणतो, ढिगांनी येतो आणि स्वस्त असतो. पाच किलो शेंगांचे साधारण दोन किलो दाणे निघतात. ते तसेच गोठविले तर काही आठवड्यांत रंग व चव जाते. कारण दाण्यातील एन्झाइम नावाची द्रव्ये थंडीतही हळूहळू आपले काम करीत राहतात. त्यांना थांबविण्यासाठी अर्धा किलो दाणे चार लिटर उकळत्या पाण्यात दीड ते दोन मिनिटे टाकावेत, लगेच बर्फाच्या पाण्यात तितकाच वेळ बुडवावेत, कापडावर कोरडे करावेत आणि ताटात सुटे पसरून गोठवावेत. कडक झाले की पिशवीत भरावेत. असे दाणे एकमेकांस चिकटत नाहीत आणि चांगल्या फ्रीझरमध्ये आठ-दहा महिने टिकतात. आमरसही तसाच उत्तम राहतो. वैशाखातला रस दिवाळीला निघाला की लहानथोर सारेच खूश.

बांधणीविषयी चार गोष्टी. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते, म्हणून डबा काठोकाठ भरू नये, आणि काचेची बरणी तर शक्यतो वापरूच नये. पिशवीतील हवा दाबून काढावी. हवा राहिली तर पदार्थ कडेने कोरडा व पांढुरका पडतो. पिशव्या आडव्या, बोटभर जाडीच्या करून ताटात गोठवाव्यात. पुढे त्या वह्यांसारख्या उभ्या लावता येतात. आणि प्रत्येकीवर पदार्थाचे नाव व तारीख लिहावीच. “लक्षात राहील” म्हणून न लिहिलेली पिशवी पुढे कोणालाच ओळखता येत नाही. शिजविलेले पदार्थ दोन-तीन महिन्यांच्या आत संपवावेत. त्यानंतर ते विषारी होतात असे नव्हे, पण चव उतरते.

बाहेर काढताना सकाळी ओट्यावर ठेवून ऑफिसला जाणे, ही सर्वांत सामान्य आणि सर्वांत वाईट सवय. कडेचा भाग तासाभरात विरघळून जंतूंच्या टापूत येतो आणि मधे अजून बर्फ असतो. आदल्या रात्री पिशवी फ्रीझरमधून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी. विसरलात तर गोठलेला रस्सा सरळ पातेल्यात घालून मंद आचेवर विरघळवावा. दोन्ही वेळा खदखदून उकळी आलीच पाहिजे. नुसते कोमट करून वाढू नये. एकदा गरम केलेले पुन्हा गोठवू नये. म्हणूनच वाटे एका वेळेपुरते असावेत.

आपला फ्रीझर खरोखर किती थंड आहे, हे पाहिल्यावाचून यातले काही करू नये. लांब मुदतीसाठी उणे १८ अंश सेल्सिअस लागतात. काही फ्रीजांच्या बर्फाच्या कप्प्यावर तारे असतात : एक तारा म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. दारावर चिकटविलेले विजेच्या बचतीचे तारे निराळे. त्यांची गल्लत करू नये. खूण नसेल तर लहानसा तापमापक आत ठेवावा. तोही नसेल तर आइस्क्रीम ठेवून पाहावे. ते दगडासारखे कडक राहिले तर ठीक. चमच्याने सहज निघत असेल तर त्या कप्प्यात शिजविलेले अन्न आठवड्याहून अधिक ठेवू नये.

वीज गेली तर प्रथम दार उघडू नये. स्वतंत्र मोठा फ्रीझर गच्च भरलेला व बंद असेल तर सुमारे ४८ तास, अर्धा भरलेला असेल तर २४ तास थंडी धरून राहतो. साध्या फ्रीजमधला लहान कप्पा यापेक्षा पुष्कळ कमी. गावाला जाताना वाटीभर पाणी गोठवून त्यावर एक नाणे ठेवावे. परत आल्यावर नाणे वरच असेल तर काळजी नाही. ते तळाशी गेलेले दिसले तर मागे बराच वेळ वीज नव्हती असे समजून शिजविलेले अन्न टाकून द्यावे. अन्न टाकताना जीव तुटतो, हे खरे. पण आजारपण त्याहून महाग पडते.

आता थोडे घरातल्या माणसांविषयी. हा रविवार एकट्या सुनेच्या माथी मारला, तर तिची सुटीही गेली आणि आपण काहीच साधले नाही. आमच्या घरी मुलगा कांदे-टोमॅटो चिरतो आणि कुकरच्या शिट्ट्या मोजतो, नातू पिशव्यांवर तारखा लिहितो, मी वाटण परतते, आणि सूनबाई बांधणी करते. सासूबाई मटार सोलतात. त्या चातुर्मासात अजूनही गोठविलेली भाजी घेत नाहीत, आणि आम्ही त्यांना आग्रह करीत नाही. त्यांचे वरण-भात रोज ताजे होते. परंतु आमरस आणि बटला यांना त्यांनी आता बेगमीत धरले आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा या सवयीचा खरा उपयोग कळला. मी तीन आठवडे स्वयंपाकघरात पाऊल टाकू शकले नाही. सूनबाईने आधीच्या दोन रविवारी बेगमी करून ठेवली होती. घरात रोज घरचेच जेवण झाले आणि तिला रजा वाढवावी लागली नाही. संध्याकाळी तिला नातवाचा अभ्यास घेता आला, आणि माझ्या उशाशी घटकाभर बसताही आले.

यावरून एक सूचना सुचते, ती विश्वस्त मंडळापुढे नम्रपणे ठेवते. आपल्या सभासदांत कोणाकडे शस्त्रक्रिया असते, कोणाकडे बाळंतपण, कोणाकडे वृद्ध जोडपे एकटे असते. अशा वेळी आपण डबा नेऊन देतोच. पण पहिल्या चार दिवसांत दहा डबे येतात आणि पुढच्या पंधरवड्यात एकही येत नाही. ज्यांच्याकडे चांगला फ्रीझर आहे अशा दहा-बारा घरांनी आपल्या रविवारच्या स्वयंपाकातले दोन-दोन वाटे, नाव व तारीख घालून, या कामासाठी राखून ठेवले, तर गरजू घराला दोन-तीन आठवडे आधार होईल. अट एवढीच की पिशवी गोठलेली निघावी, थर्माकोलच्या पेटीतून जावी आणि गोठलेलीच पोहोचावी. आणि तिखट, मीठ, पथ्य आधी विचारून घ्यावे.

पन्नास वर्षांपूर्वी या संस्थेची सुरुवात झाली, ती एकमेकांच्या अडचणीला धावून जाण्यासाठी. त्या कामात आपल्या फ्रीझरचा एक कप्पा लागला, तर तो आपण आनंदाने द्यावा, अशी सर्व बंधुभगिनींना विनंती करून, आणि न्यासाच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा देऊन हा लेख पुरा करते.